धुरीची जोडी

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात एकच मंत्र होता: चालतंय ना, मग हात लावू नको. मला त्याची चीड यायची. जासईच्या कंटेनर यार्डात मला पाठवलं तेही नवा कॉम्प्युटर बसवायला, मेसेज पाठवणारी जुनी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, वाचायला नाही. मी वाचली.

यार्डात धान्याच्या कंटेनरना किडीसाठी विषारी वायूची धुरी देतात, तीही नेहमी दोन-दोन कंटेनरना एकदम. वायू निघून जायच्या आत दार उघडलं तर माणूस जिवाला मुकायचा. दारावर चिकटवलेला इशारा खाडीच्या वाऱ्यात टिकत नाही, म्हणून गोदामाच्या मुकादमाला फोनवर 'उघडू नका' असा मेसेज जायचा. क्लार्क दोन कंटेनरच्या नंबरांच्या मध्ये & टाकायचा, दुकानाच्या पाटीवर दोन भावांच्या नावांमध्ये असतं तसं. स्क्रिप्ट तो मजकूर मेसेज पाठवणाऱ्या कमांडला चिकटवून सगळं एकत्रच शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली करायची.

चूक तिथेच होती. कमांडला मजकूर बंद पाकिटात, वेगळा द्यायचा असतो; मग त्यातलं & नुसतं अक्षर राहतं. उघडा दिला की शेल समजतो, इथे एक काम संपलं, पुढे दुसरी कमांड.

"पाठवून दाखवा," मी क्लार्कला म्हटलं.

त्याने त्या दिवशीची जोडी टाकली: उघडू नका 4417 & 5093. पडद्यावर उमटलं, 5093 नावाची कमांड सापडली नाही.

"ते रोजच येतं मॅडम, टेन्शन नका घेऊ. मेसेज जातो."

मेसेज जात होता, पण पहिल्या नंबरापुरताच. मी गोदामाकडे धावत सुटले. मुकादमाचा हात 5093च्या दाराच्या दांड्यावर होता. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "उघडू नका! त्यातपण गॅस आहे!"

त्याने हात काढला, फोन पुढे धरला. त्यावर एकच नंबर होता.

"ताई, दुसरा तर आमी रोजच उघडतो."

मी त्याला सगळं सांगितलं. वायू नाकातोंडात गेला तर काय होतं, हेही सांगितलं: चक्कर, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं. तो ऐकता ऐकता खालीच बसला.

"म्हंजे काल दुसरा कंटेनर उघडनाऱ्या ज्या गड्याला मी दारू प्याला म्हनून शिव्या देऊन घरी हाकलला, तो प्यालेला नवता?"

"आत्ताच्या आत्ता फोन लावा त्याला," मी म्हटलं. तो त्या माणसाला फोन लावत राहिला, आणि तिकडून कुणी उचलत नव्हतं.