मामंजींची कोरी जीप

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी नवी वस्तू विकत घेतली नव्हती. त्यांना मी मामंजी म्हणायची. त्यांची सायकल दुसऱ्या कुणाची तरी होती, रेडिओ तिसऱ्याचा होता आणि मनगटावरचं घड्याळ बदली होऊन गेलेल्या एका साहेबाचं होतं. छत्रीसुद्धा ते बाजारातून जुनी शोधून आणायचे आणि सोप्यात बसून तिच्या काड्या सरळ करायचे. लग्नात मला माहेरहून नवं शिलाई मशीन मिळालं होतं. ते घरात आलं तेव्हा मामंजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "नव्या वस्तूचा सभाव कळत न्हाय, पोरी. आधी कुणीतरी वापरून बघाय पायजे."

बावड्याला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. उसाच्या गाड्या यायच्या, मामंजी वजन घ्यायचे. त्यामुळे असेल कदाचित, पण हातात येईल ती वस्तू ते आधी तळहातावर तोलून बघायचे. भाकरीसुद्धा तोलायचे. मग सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शांतपणे विचारायच्या, "भरली का वजनात?" माणसं मात्र ते कधी तोलत नसत. घरी आलेल्या कुणालाही, अगदी पत्ता चुकून आलेल्यालाही, "या पावणं" म्हणून चहाला बसवायचे.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच, एका दुपारी जेवताना सांगितलं की, "मी जीप घेणार हाय. कोरी."

माझे यजमान बँकेत होते. त्यांना आधी ही चेष्टाच वाटली. मग कळलं की मामंजी शाहूपुरीतल्या एजन्सीत जाऊन नंबर लावून आलेत. पैसे कुठून आणणार, असं यांनी विचारलं, तेव्हा ते पाण्याचा तांब्या उचलत म्हणाले की कागलकडची जागा विकतो. ती जागा हमरस्त्याला लागून होती आणि आमच्यासाठी ठेवलेली होती. मामंजींच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता. त्या जागेवर बांधायच्या घराचा नकाशा काढून झाला होता. स्वयंपाकघराची खिडकी कुठे असावी यावरून आमचं दोघांचं एक भांडणसुद्धा झालं होतं. ती खिडकी त्या दुपारी गेली. मला रडायला यायला हवं होतं, पण मी नुसती मामंजींकडे बघत राहिले. ते नेहमीसारखेच ताक-भात कालवत होते.

कशाला हवी जीप, हे त्यांना सगळ्यांनी विचारलं आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं. यांना ते म्हणाले, शेताला. आमचं शेत घरामागेच होतं, परसदारातून हाक मारली तर तिथे ऐकू जायची. आत्याबाईंना म्हणाले, तुला जोतिबाला न्यायला. आत्याबाई जन्मभर डोंगर चालत चढल्या होत्या आणि त्यांना चालतच जायला आवडायचं. दस्तगीर मिस्त्री हे मामंजींचे जुने दोस्त. मिलिटरीच्या लिलावातल्या जुन्या जीपगाड्या आणून, दुरुस्त करून त्या उभ्या करण्याचा त्यांचा धंदा. त्यांनी मामंजींना परोपरीने समजावलं की निम्म्याहून कमी पैशात मी तुम्हाला जुनी अशी करून देतो की नवी झक मारेल. मामंजींनी ऐकून घेतलं आणि कोरीच पाहिजे म्हणाले. मिस्त्री आमच्या सोप्यात डोक्याला हात लावून बसले. "वहिनी, ह्या माणसानं माझ्याकडनं सायकलची घंटी घेतली ती बी जुनी," ते आत्याबाईंना म्हणाले. "आता ह्येला काय झालं?"

मीही एकदा विचारलं. तुम्हाला कुठे जायचंय ते तरी सांगा, म्हटलं. ते म्हणाले, "कुठं जायचं ते कळलं असतं तर सायकलीवरनं गेलो असतो की." मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. आजही पुरता लागलेला नाही.

पुष्कळ वाट बघितल्यावर जीप आली. हिरवी, कापडी टपाची, पुढे दोन गोल दिवे. मामंजींनी तिच्याभोवती फेरी मारली नाही. सरळ आत चढून बसले, सीटवरचा कागद स्वतःच्या हाताने फाडला आणि मला हाक मारली. "वास घे, पोरी. ह्यो वास जुन्याला कधीच नसतोय." रंगाचा, रबराचा आणि तेलाचा असा तो वास होता. त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या झाडून सगळ्यांना वास घ्यायला लावला. हे मात्र बाहेर आले नाहीत. बापलेकांचं बोलणं त्या दिवसापासून कामापुरतं उरलं, आणि जीपमध्ये तर यांनी पाऊलही ठेवलं नाही.

मिस्त्रींनी मामंजींना गाडी शिकवली. साध्या रस्त्यावर ते घाबरत घाबरत चालवायचे, समोरून एसटी आली की कडेला थांबायचे. पण रस्ता संपला की हा माणूस बदलायचा. चारही चाकांना जोर देणारा एक वेगळा दांडा त्या गाडीला होता. तो ओढला की ते जीभ बाहेर काढून लहान मुलासारखे पुढे वाकायचे. पावसाळ्यात ते मुद्दाम राधानगरीकडे जायचे. तिकडच्या तांबड्या चिखलात एसटी रुतलेली असायची. मामंजी शेजारच्या वावरातून गाडी काढून पुढे उभी करायचे आणि उतारूंना विचारायचे, "कुणाला कुठं जायचंय?" मग दुधाच्या किटल्या, बाळंतीण, पोस्टमन, कुणाचं करडू, काय मिळेल ते भरून ज्याच्या त्याच्या दारात. कुणी पैसे देऊ केले तर त्यांना राग यायचा. त्यात पेट्रोल महागलं. घरात साखर कमी झाली, आमच्या खोलीच्या छपराची दुरुस्ती लांबली. आत्याबाई चिडून एकदा म्हणाल्या की ह्या गाडीला चार पायांची म्हैस बरी, खाते पण दूध तरी देते. पण पुढच्याच रविवारी त्या पदर घट्ट आवळून पुढच्या सीटवर बसलेल्या मला दिसल्या. कुठे चाललात, म्हटलं तर म्हणाल्या, "मला काय म्हाईत? ह्यास्नीच म्हाईत न्हाय."

मी शाळेत शिकवायची. सुट्टीत एकदा मामंजींनी मला ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या शेतात नेलं आणि स्टेअरिंगमागे बसवलं. मी नको म्हणत होते. गाव बघतंय, म्हटलं. "बघू दे. मी एकटाच किती दिस चालवू?" ते म्हणाले. मला वाटलं, कंटाळले असतील. मी साडी खोचून शिकले. क्लच सोडताना गाडी बेडकासारख्या उड्या मारायची आणि बांधावर बसलेली मंडळी हसायची. मामंजी हसत नसत. ते नुसते म्हणायचे, "सावकाश. गाडी आपलीच हाय."

दोन-तीन पावसाळे असे गेले. एकदा राधानगरीहून परतताना त्यांनी एका फाट्यावर गाडी थांबवली आणि मला विचारलं, "ह्यातला कुठला?" वाट चुकायची त्यांना हौसच होती, म्हणून मी हसून म्हटलं, तुम्ही म्हणाल तो. ते एकदा ह्या, एकदा त्या रस्त्याकडे बघत राहिले. त्या फाट्यावरून ते शेकडो वेळा गेले असतील. मी म्हटलं, मामंजी, मी घेऊ का गाडी? ते लगेच खाली उतरले आणि वळसा घालून माझ्या जागेवर येऊन बसले.

त्यानंतर ते भराभर विसरत गेले. आधी वार, मग माणसांची नावं. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं तेव्हा गाडी मी चालवली आणि हे मागे बसले. जीपमध्ये बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. डॉक्टरांनी विचारलं, वागण्यातला बदल कधीपासून जाणवला? "जीप घेतल्यापासून," हे पटकन म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट हायसं वाटल्यासारखा होता तो. म्हणजे वडिलांनी आपली जागा विकली नाही, आजाराने विकली. पण आत्याबाई कडाडल्या. "सारा जलम शानपणानं वागलं, तवा कुणी डाक्टरकडं आणलं न्हाय. चार दिस आनंदात काढलं, तर त्यो आजार व्हय?"

डॉक्टरांनी काय लिहून घेतलं कोण जाणे. कुणाचं खरं, ते मला मात्र अजून कळलेलं नाही. यांचं खरं असेल तर ज्या मामंजींवर मी सगळ्यात जास्त माया केली, ते मामंजी म्हणजे दुखण्याची सुरुवात होती. आत्याबाईंचं खरं असेल तर आमचं घर एका माणसाच्या हौसेपायी गेलं आणि तरी मला त्याचा राग येत नाही. दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवावा, हे मी कित्येकदा ठरवलं आणि कित्येकदा बदललं.

हे जीप विकू म्हणाले. मी नाही म्हटलं. जागा तर गेलीच आहे, गाडी तरी राहू दे, एवढंच बोलले. यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच पेट्रोल भरून आणलं. मग शाळेतून आल्यावर मी रोज मामंजींना पंचगंगेच्या बाजूला फिरवून आणायची. गाडीत ते शांत असायचे.

शेवटच्या उन्हाळ्यात अशाच एका संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. लग्न झाल्यापासून मला 'पोरी' म्हणणारे मामंजी अदबीने म्हणाले, "पावणं कुठल्या गावचं?"

मी म्हटलं, मिरजेची.

"लांबनं आलासा. गाडी ब्येस चालिवताय. कुणी शिकिवली?"

"माझ्या सासऱ्यांनी."

"मग त्यास्नी का न्हाय आणलं?"

"आणलंय की," मी म्हटलं.

मामंजींनी सावकाश मान वळवून मागच्या बाकाकडे बघितलं. मग बाहेर, मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"मधीच कुठंतरी उतरलं वाटतं," ते म्हणाले.