लाल नखांचा खाम्पुन

माझा धाकटा भाऊ खाम्पुन बसस्टँडवर कोंबड्या भाजायचा आणि दहाही नखांना लालभडक नेलपॉलिश लावायचा. ट्रकवाले मुद्दाम हाक मारायचे, "वहिनी, एक कोंबडी बांधा हो!" तोही कमी नव्हता. "बांधते हं भाऊजी. तिखट सोसेल ना, की मागच्यासारखे रडाल?"

थायलंडच्या इसान भागातल्या आमच्या गावात त्या नखांचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. इथे धडधाकट पुरुष झोपतो आणि सकाळी उठतच नाही. विधवेचं भूत नवरा शोधत फिरतं म्हणतात. तिला फसवायला पुरुष नखं रंगवतात, फाटकाला लाल सदरा टांगतात आणि त्यावर लिहितात, 'या घरात पुरुष नाही'. आमचा थोरला, थोंगदी, या सगळ्याला हसायचा. तो ऐन तारुण्यात झोपेतच गेला. तेव्हापासून खाम्पुनची नखं कधी कोरी राहिली नाहीत. थोंगदीच्या मरणाबद्दल घरात कुणी बोललंही नाही. त्या विधवेचा विषय काढला की ती घर ओळखते, असं आमच्यात मानतात.

गेल्या उन्हाळ्यात खाम्पुनला सणकून ताप भरला. शेगडीपाशीच भोवळ येऊन पडला. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला आणि एकच धावपळ उडाली. हार्ट अटॅक! त्याला अँब्युलन्समधून शहरात नेलं. बायको लाम्दुआन बरोबर गेली, मी इथे कोंबड्या उलटत, जीव मुठीत धरून बसले. तिथे नर्सने बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावायला एका नखाचा रंग पुसला. "बाकी काय वाटेल ते करा, ते नको!" खाम्पुन ओरडला म्हणे. नर्सला हसू आलं.

मनगटातून नळी घालून पाहिलं, तर हृदयाच्या शिरा स्वच्छ! ताप उतरला तसा ईसीजीही नीट आला. तरुण डॉक्टरीणबाईंना मात्र चैन पडेना. त्यांनी विचारलं, "घरात कुणी झोपेत अचानक गेलंय का? नीट आठवून सांगा."

खाम्पुनने लाम्दुआनकडे पाहिलं. एक नख कोरं असताना त्या विधवेचा विषय कोण काढणार?

"छे," तो म्हणाला. "आमच्यात हृदयाचा आजार कुणालाच नाही." लाम्दुआननेही मान डोलावली.

घरी आल्या आल्या त्याने आधी ते नख रंगवलं. मग जो भेटेल त्याला ऐकवायला लागला, "शिरा पोरासारख्या आहेत म्हणे माझ्या!" जीव अंगात टिकावा म्हणून आम्ही त्याच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले, चिकट भात आणि कुटलेली पपई गावभर वाटली. मी इतकी आनंदात होते की नको तेवढं जेवले.

थोड्याच दिवसांत पुन्हा ताप आला. "शिरा साफ आहेत, तापाला काय भ्यायचं?" म्हणत गोळी घेऊन झोपला. सकाळी लाम्दुआनची किंकाळी ऐकून मी धावले. त्याचे हात गार पडले होते. दहाही नखं लाल होती.

मी तडक शहर गाठलं आणि डॉक्टरीणबाईंवर तुटून पडले. "शिरा साफ म्हणालात ना? मग मेला कसा माझा भाऊ?"

त्यांनी खाम्पुनचा पहिला ईसीजी काढून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "असला ईसीजी हार्ट अटॅकसारखाच दिसतो, पण आजार निराळा असतो. तापात उघडा पडतो, ताप गेला की लपतो. झोपेत हृदय बंद पडतं. घराण्यातून येतो तो, म्हणून तर विचारलं होतं मी." मग त्यांनी विचारलं, "त्यांना मुलगा आहे?"

होता. अनुचा, बँकॉकला नोकरीला असलेला, बापाच्या अंत्यविधीसाठी आलेला.

"त्याला घेऊन या. तपासू. लागलंच तर छातीत यंत्र बसवता येतं."

मी धापा टाकत घरी आले. लाम्दुआन अनुचाचा हात मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी नेलपॉलिशची उघडी बाटली. मी सगळं सांगितलं, हात जोडले, रडले. थोंगदीचं नाव घेतलं, तसा तिने माझ्या तोंडावर हात दाबला.

"दवाखान्यात नाही नेणार मी त्याला, वन्सं," ती म्हणाली. "तिथे रंग पुसतात."

अनुचाने दुसरा हात तिच्यापुढे केला.