फवाऱ्यांची म्हातारी

फवारे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. नगरपालिकेचा पाण्याचा टँकर चालवता चालवता ते चिकटलं आणि पुढे इतकं मुरलं, की कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर फवारे मागे वळून, कोणाला बोलावताहेत ते बघायचे.

टँकरला ते म्हातारी म्हणायचे. तिच्या काचा ते स्वतःच्या चष्म्याआधी पुसत. चढावर तिने काळ्या धुराचा लोट सोडला, की शेजारच्या रिक्षावाल्याला हात दाखवून सांगत, "खोकतेय जरा. वय झालं." बायकोने तर केव्हाच हात टेकले होते. "मला ताप आला तर गोळी घे म्हणतात आणि तिचा आवाज बदलला तर यांना जेवण जात नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. फवारे ते ऐकून लाजायचे. आपलं कौतुक चाललंय असंच त्यांना वाटायचं.

अशात वरून धोरण आलं. शहरांची हवा स्वच्छ करायची आणि ते काम नगरपालिकांनी करायचं. धोरण जाडजूड होतं आणि त्यात प्रत्येक खात्याला वाटा होता. बाजारचौकात एका खांबावर हवा मोजायचं यंत्र बसलं, खाली आकड्यांचा बोर्ड लागला. हवा चांगली असेल तर आकडा हिरवा, बिघडली की पिवळा आणि फारच बिघडली की लाल. पहिल्याच आठवड्यात तो लाल झाला आणि नगरपालिकेच्या तोंडचं पाणी पळालं.

मग खात्याखात्यांत ढकलाढकली सुरू झाली. बांधकाम खातं म्हणालं, धूर वाहनांचा. वाहतूकवाले म्हणाले, धूळ बांधकामांची. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे चौकातली पावाची भट्टी. भट्टी लाकडावर चालत होती आणि तिला पुढे कोणावर ढकलायची सोय नव्हती. सगळं खापर तिच्यावर फुटलं.

भट्टी होती फवाऱ्यांच्या थोरल्या बहिणीची. नवरा गेल्यावर ताईने ती एकटीने चालवली होती, तिच्यावर दोन मुलींची शिक्षणं केली होती. बाई पहाडासारखी आणि जीभ पाव कापायच्या सुरीसारखी. भाऊ पन्नाशीला आला तरी ती त्याला भर चौकात बाळ्या म्हणायची.

पर्यावरणाचं काम बघणाऱ्या मॅडम स्वतः येऊन सांगून गेल्या. "ताई, सकाळी आणि दुपारी आकडा चढतो. नेमकी तेव्हाच तुमची भट्टी पेटलेली असते. महिनाअखेरपर्यंत उतरला नाही तर मला सील लावावं लागेल. आणि फवारे, तुम्ही चौकात पाणी मारा. धूळ बसली पाहिजे."

मॅडम गेल्यावर ताई उरलेली लाकडं मोजायला लागली. ते फवाऱ्यांना सोसवेना. "ताई, मी आहे ना," ते म्हणाले. "आकडा कसा उतरत नाही ते बघतो."

चौकात पाणी ते आधीपासूनच मारत होते. वेळ त्यांनी आपल्या सोयीने ठरवली होती. सकाळी आणि दुपारी, गरम पाव भट्टीतून बाहेर निघायच्या सुमाराला. आता त्यांनी कंबर कसली. म्हातारीला नेऊन थेट यंत्राच्या खांबाला चिकटून उभी केली. दुखतंय तिथेच शेकायचं, असा त्यांचा हिशोब. इंजिन चालू असल्याशिवाय पंप चालत नसे, म्हणून इंजिन धडधडत ठेवायचं आणि फवारायचं. आकडा लाल झाला की फवारे पेटून उठत आणि आणखी फवारत. जितकं फवारत तितका आकडा वर जाई. जितका तो वर जाई तितका त्यांना जोर चढे. चौकातले लोक ओले होत आणि म्हणत, बहिणीसाठी माणूस जिवाचं रान करतोय.

महिना संपला. मॅडम सील लावायची लाख, मेणबत्ती आणि एक शिपाई घेऊन आल्या. बोर्ड लालभडक होता. यंत्राखाली फवारे घामाने आणि पाण्याने निथळत उभे होते.

ताई दारातच होती. "मॅडम, आधी भट्टीत हात घाला."

"का?"

"घाला तर."

मॅडमनी भीतभीत हात घातला. भट्टी थंडगार होती. तुम्ही येऊन विझवण्यापेक्षा मीच विझवली, कालच, असं ताईने सांगितलं. मॅडमनी बोर्डाकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं आणि ऑफिसला फोन लावला. म्हातारीच्या धडधडीत पलीकडचं काही ऐकू येईना. "फवारे, जरा बंद करा हो ते."

फवाऱ्यांनी इंजिन बंद केलं. मॅडम फोनवर वाहतूक खात्याशी भांडल्या, मग बांधकाम खात्याशी. दोघांशी भांडून होईपर्यंत आकडा पिवळा झाला आणि बघता बघता हिरवा.

"वारा फिरला असेल," मॅडम म्हणाल्या. "पण खात्री होईपर्यंत भट्टी बंदच ठेवू."

ताईने भावाकडे बघितलं. तिला कळलं होतं. चौकात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण जिची जीभ कधी कोणाला सोडत नव्हती, ती खाली मान घालून पदराशी चाळा करत राहिली.

ते बघून फवाऱ्यांनाही उमगलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, वाऱ्यावर सगळं जात होतं. ते म्हातारीत चढले, स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला आणि किल्ली फिरवली. म्हातारी दणक्यात खोकली. काळा लोट सरळ खांबावर चढला. सगळा चौक बोर्डाकडे बघत उभा राहिला. पिवळा. मग लाल.

"मॅडम, वारा नाही," फवारे खिडकीतून म्हणाले. "ही आहे."

मॅडम कपाळाला हात लावून भट्टीच्या पायरीवर बसल्या. नगरपालिकेच्या हवेचा आकडा नगरपालिकेच्याच टँकरने चढवला, हे वर कसं कळवायचं, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. आणलेली लाख मात्र वाया गेली नाही. म्हातारीच्या दाराला सील लागलं. शिपायाचे दोन्ही हात लाखेत गुंतले होते, म्हणून मेणबत्ती फवाऱ्यांनीच धरली.

ताईने भट्टी पेटवली. "वर्षभरात गॅसवर घेते," असं तिने मॅडमना न विचारताच सांगून टाकलं. पहिला घाणा निघाला तेव्हा ती गरम पाव घेऊन बाहेर आली. फवाऱ्यांनी म्हातारीच्या मागच्या तोटीखाली बादली भरून घेतली होती. टाकीत पाणी उरलं होतं. त्या पाण्याने ते तिच्या काचा धूत होते आणि रडत होते.

"बाळ्या, पाव खा," ताई म्हणाली.

"थांब जरा. एवढी मागची काच राहिलीय."

ताईने पाव बॉनेटवर ठेवला, पदर खोचला आणि दुसरं फडकं उचललं.