एवढा एक मारते आणि आलेच

बाईंच्या दाराची बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "थांबा हो, एवढा एक मारते आणि आलेच."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, झुरळ असेल. वाघोलीतल्या आमच्या इमारतीत झुरळांना तोटा नव्हता. मदत करावी म्हणून मी चप्पल काढून हातात घेतली. दार उघडलं तर समोर कडक इस्त्रीची सुती साडी, पांढरा अंबाडा आणि हातात कॅल्क्युलेटर.

"चप्पल कशाला?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही मारत होतात ना काहीतरी?"

"तो मेला. पण त्याच्या मागे आणखी दोघं उभे आहेत. या, बसा. चहा टाकते."

तुम्ही म्हणाल, ही काय भानगड? सांगते. बाई आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. खरं झुरळ त्या कधीच मारत नसत. कागदावर अलगद घेऊन गॅलरीतून खाली सोडत. खाली मी राहते, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

हा कॅल्क्युलेटर त्यांच्या मुलाचा, तो अमेरिकेत शिकायला होता तेव्हाचा. आपल्या वाण्याकडे असतो तसला नव्हे. हा चांगला जाडजूड, वर पडदा, त्या पडद्यावर आलेख निघतात. मुलगा परत आला, हिंजवडीला नोकरीला लागला आणि कॅल्क्युलेटर माळ्यावर गेला. बाईंनी आलेख काढायला म्हणून तो खाली काढला, तर आत पोराने वर्गात बसून खेळायला भरलेला बंदुकीचा खेळ! तळघरासारखी जागा, करड्या भिंती, समोर आपलीच बंदूक आणि वळणावळणावर उभे शिपाई. शिपाई कसले, दहीवड्यावर मिरपूड सांडावी तसे ठिपके. पण बाईंना त्यांची नाकं-डोळेसुद्धा दिसत. एकाला त्या "आमचे जुने मुख्याध्यापक" म्हणत आणि त्याला दोन गोळ्या जास्त घालत.

"फोनवर का नाही खेळत?" मी एकदा विचारलं.

"फोनवर मध्येच कुणीतरी कर्ज हवंय का विचारतं. इथे जो येतो तो सरळ बंदूक घेऊन येतो. तेवढा तरी प्रामाणिकपणा."

बाहेरच्या लोकांना वाटायचं, बाई गणितं सोडवतायत. त्याचा आम्हा सगळ्यांना एकदा भारी फायदा झाला. आमच्याकडे नळाला पाणी कमी आणि रस्त्यावर टँकर जास्त. उन्हाळ्यात बिल्डरचा माणूस सोसायटीच्या सभेला आला आणि म्हणाला, "दिवसाआड एक टँकर देऊ." बाई पहिल्या रांगेत. कपाळाला आठ्या, बोटं बटणांवर टकटक. त्याने बघितलं. घसा साफ केला. "म्हणजे... रोज एक." बाईंची बोटं आणखी जोरात. "बरं, सकाळी एक आणि संध्याकाळी एक."

बाईंनी सुस्कारा सोडून मान वर केली. "झालं?"

"झालं मॅडम," तो घाम पुसत म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जिना चढताना मी विचारलं, "काय हिशेब मांडलात हो?"

"कसला हिशेब? कोपऱ्यात तिघं लपले होते. तुमच्या टाळ्यांनी शेवटचा निसटला."

अशा बाई. पण सेल बदलायचे म्हटले की त्यांचा चेहरा परीक्षेच्या दिवशीसारखा व्हायचा. कारण तो खेळ पुन्हा भरायचा तर एक खास वायर लागायची, आणि ती मुलाने अमेरिकेतच हरवलेली. कॅल्क्युलेटरात चार लांब सेल आणि वेगळ्या झाकणाखाली एक छोटा गोल सेल. लांब सेल काढले की तेवढ्यापुरतं सगळं तो गोल सेल सांभाळतो. दोन्ही एकदम निघाले की आतलं सगळं पुसलं! म्हणून मला खालून बोलावणं यायचं.

"वहिनी, तुम्ही या छोट्या झाकणावर बोट ठेवायचं. आणि बोलायचं नाही."

"बोलण्याने काय होतंय?"

"सेलांना काही होत नाही. मला होतं."

मग मी बोट ठेवून मुकाट बसायची. बाई पदराने एकेक नवा सेल पुसून बसवत. पडदा उजळला, खेळ जिथल्या तिथे दिसला, की त्या म्हणत, "आता बोला." आणि मी तुंबलेलं सगळं बोलून टाकायची.

मुलगा दर रविवारी यायचा. वाघोली आणि हिंजवडी म्हणजे शहराची दोन टोकं. तो म्हणे, अमेरिकेहून येणं सोपं होतं, निदान वाटेत जेवण तरी मिळायचं. येऊन तेच बोलणं, "आई, चल आता आमच्याकडे. तुझी खोली कधीची तयार आहे."

मुलगा चांगला, सूनही चांगली. पण बाईंचं घर हे होतं. इथली गॅलरी, इथली तुळस, आणि, मीच म्हणते, इथली मी.

"येणारच आहे," बाई म्हणत. "शेवटचं दार राहिलंय. आत एक जाडा आहे. तो मेला की खेळ संपला. एवढा एक मारते आणि आलेच."

मुलगा हसून कबूल झाला. आईने शब्द दिला, आता किती दिवस लागणार!

एकदा दुपारी मी त्यांच्या शेजारी बसून बघत होते. बाईंनी ते शेवटचं दार उघडलं. आत तो जाडा, चक्क पाठमोरा! "अहो, मारा की!" मी ओरडले. बाईंनी हळूच मागे पाऊल घेतलं, दार बंद केलं, खेळ तिथेच साठवून ठेवला.

"आज नको. आज हात थरथरतोय."

त्याच हाताने त्यांनी नुकताच माझ्यासमोर सुईत दोरा ओवला होता, पहिल्या झटक्यात.

तेव्हा मला उमगलं. मी काही बोलले नाही. माझ्यासारखीने न बोलणं म्हणजे काय, ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

पुढे एका रविवारी सकाळी बाई खाली आल्या, पदराखाली कॅल्क्युलेटर. "हा आजचा दिवस तुमच्या गव्हाच्या डब्यात राहू दे. फोनवर मुलगा म्हणत होता, आण इकडे, त्या जाड्याला मीच मारून टाकतो." दुपारी मुलगा माझ्या दारात. "काकू, आईचा कॅल्क्युलेटर बघितलात का? सापडत नाहीये."

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, आणि उगाच डब्याचं झाकण दाबून बसवलं.

तो झाकणाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग जरासा हसला आणि वर गेला. त्यानंतर त्याने आईला 'चल' म्हटलं नाही. दर खेपेला येताना नव्या सेलांचं पाकीट मात्र आणायचा.

"एवढे कशाला रे?" बाई विचारत.

"असू दे. तो जाडा चिवट दिसतोय."

गेल्या दिवाळीनंतर बाई गेल्या. दुपारी, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. चहाच्या वेळी मी बेल वाजवली आणि आतून आवाज आला नाही.

घर आवरताना मुलाने कॅल्क्युलेटर माझ्या हातात दिला. "तुमच्याकडेच ठेवा, काकू. जागा तुम्हाला माहीत आहे."

तो अजून येतो अधूनमधून, सेल घेऊन. परवाही आला. माझ्या स्वयंपाकघरात बसला. मी छोट्या झाकणावर बोट ठेवलं, त्याने लांब सेल एकेक पुसून बसवले. मी चकार शब्द काढला नाही. पडदा उजळला. तेच शेवटचं दार. त्याने ते उघडलं. जाडा पाठमोरा उभा.

त्याचं बोट बटणावर गेलं.

"राहू दे," तो म्हणाला आणि दार लोटून घेतलं. "आई म्हणालीय ना, मारून येते म्हणून."

मी कॅल्क्युलेटर पदराने पुसला आणि पुन्हा गव्हात ठेवून दिला.