कितीपैकी आणि मुक्ताचं हेल्मेट

कुणीही आकडा सांगितला की तो मान तिरकी करून विचारायचा, "कितीपैकी?" बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत त्याचं नावच 'कितीपैकी' पडलं. विमा कंपनीत जन्म गेलेला, तळमजल्यावरचा माझा शेजारी. मला तो आवडायचा आणि त्याचा भयंकर हेवाही वाटायचा.

रविवारी सकाळी नॅशनल पार्कपर्यंत सायकली काढायची टूम माझी. नियमही माझाच: हेल्मेट नाही, तर सायकल नाही. एकदा गेटपाशी मी सगळ्यांना पेपर वाचून दाखवला. अपघातात गेलेल्या बहुतेक सायकलस्वारांनी हेल्मेट घातलं नव्हतं.

"अरे, पण रस्त्यावर सायकली चालवतं कोण?" तो म्हणाला. "पाववाला, इडलीवाला, वॉचमन. कुणाच्या डोक्यावर हेल्मेट बघितलंस? मग मेलेल्यांतही तेच जास्त निघणार ना! घालणारे किती, न घालणारे किती, ते आधी सांग."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसली माझी मुक्ता. ती कॉलेजला हायवेच्या कडेने सायकलवर जायची. दुसऱ्या दिवशी तिचं हेल्मेट खुंटीवरच राहिलं.

"बाबा, तुझ्या आकड्याला काही अर्थ नाही. काकांनी सांगितलं ना!"

मी तणतणत खाली गेलो. "तुझ्या हुशारीपायी माझ्या पोरीचं डोकं फुटेल!"

तो गोरामोरा झाला आणि अनवाणीच वर आला. "मुक्ता, बाबाचा आकडा लंगडा आहे, एवढंच म्हटलं गं मी. हेल्मेट बिनकामाचं, असं कुठे म्हटलं? त्याचा उपयोग किती, यावर लोक भांडतायत, भांडू देत. मी घालतो. हिशेब हजारोंचा केला जन्मभर, पण डोकं मला एकच आहे."

पोरीने हेल्मेट चढवलं. घसा फोडून मला जे जमलं नव्हतं, ते याने उभ्या उभ्या केलं. माझा जीव भांड्यात पडला आणि जळफळाटही झाला. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

पुढे बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तो मुलुंडला बहिणीजवळ गेला, आम्ही कांदिवलीला भाड्याने. आता मुक्ता तरी माझं ऐकेल, असं वाटून मला चक्क बरं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात मुक्ता वळणावर रेतीवरून घसरून आपटली. मला कळवलं ते कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने. धापा टाकत पोचलो, तर ती फुटपाथवर बसलेली. हेल्मेटला चीर, डोकं शाबूत. कानाला फोन. "काका, खरंच ठीक आहे मी. हा बघा, बाबा आला."

तिने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे तो हुंदके देत होता. मला अजून रडू फुटायचं होतं. तिथेही तो माझ्या आधी पोचला होता.