गुरुजी परीक्षेले बसले

आमच्या घरी शर्ट धुवायचा म्हणजे आधी खिसा उलटा करा लागते. खिशात खडूचा तुकडा नाई असा शर्ट मी लग्नापासून पाह्यला नाई. एकदा विसरली, तर साऱ्या कपड्यायवर पांढरा लगदा! तर असा हा खडूवाला माणूस म्हणजे माहे मालक, शेषराव गुरुजी. सारं सोनाळा गाव त्यायले गुरुजी म्हणते, मंग मीच काऊन मागं राहू? मीबी गुरुजीच म्हणते. माहं नाव सत्यभामा.

गुरुजीची शाळा सातपुड्याच्या पायथ्याले, एका लहान्या गावात. मास्तर दोनच, गुरुजी अन् कय्यूम सर. कय्यूम सर तरणा, हुशार. फोनवर त्याची बोटं अशी चालत जशी माही पोळपाटावर. अन् मास्तरायच्या मागं काय काय लागलेलं असते, ते तर तुमाले माईतच हाये. दर दोन-चार महिन्यानं नवा ऑनलाइन कोर्स. फळ्याच्या जागी मोठा पडदा कसा वापरायचा, फोनवर चाचणी कशी घ्यायची, धड्याचा व्हिडिओ कसा बनवायचा. कोर्स पुरा झाला की प्रमाणपत्र.

गुरुजी म्हणत, "माहा वेळ पोरायचा हाये, फोनचा नाई." मंग दोघायनं आपसात वाटणी केली. शाळेत नेटची रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. कय्यूम सर टाकीवर चढून बसत, आधी आपला कोर्स करत, मंग गुरुजीचा. तवर गुरुजी दोघायचेबी वर्ग एका खोलीत बसवून पाढे, कविता, वजाबाक्या, सारं रेटून घेत. कोर्समधी गुरुजीचं काम एकच. फोनवर ओटीपी आला की टाकीखालून ओरडून सांगायचा. पोरं तोबी पाढ्यासारखा घोकत.

असं एकाच शाळेत होतं असं समजू नका. माह्या ओळखीच्या एका मास्तरीणबाईचे सारे कोर्स तिच्या नवऱ्यानं केले, अन् तो माणूस किराणा दुकान चालवते. कोनाले त्यात काई वावगं वाटत नव्हतं. गुरुजीलेबी नाई.

मंग कय्यूम सराची बदली झाली जळगाव जामोदले. अन् थोड्याच दिवसात केंद्रप्रमुखायचा फोन आला. केंद्रप्रमुख म्हणजे आजूबाजूच्या साऱ्या शाळायवर देखरेख करणारे तुळशीराम साहेब. आमी जेवत होतो. फोन स्पीकरवर होता, कारण गुरुजीले तो बंद करता येत नाई.

"शेषरावजी, अभिनंदन! आपल्या पूर्ण केंद्रात तुमच्याइतकी प्रमाणपत्रं कोणाचीच नाहीत. या वयात एवढी जिद्द! पुढच्या शनिवारी केंद्रशाळेत डिजिटल साधनांचं प्रशिक्षण आहे. शिकवायचं तुम्ही. तुमचं नाव मी वर कळवून टाकलं."

फोन ठेवला. गुरुजीच्या हातातला घास हातातच राह्यला. मले आधी हसू आलं. अवो, ज्याले फोनचा आवाज कमी करता येत नाई तो साऱ्या मास्तरायले शिकवणार! म्हटलं, "लोकाले सांगे ब्रह्मज्ञान, अन् आपण कोरडे पाषाण." गुरुजी हसले नाई. ताटावरून उठले, ओट्यावर गेले, परत आले, परत गेले.

त्या दिवसापासून घरात जिवाले स्वस्थता म्हणून नाई. तसेबी त्यायच्या पायाले भिंगरी, पण हे येगळंच होतं. आंगोळीचं पाणी काढून ठेवत अन् तसेच बाहेर निघून जात. चहा मागत अन् थंडा करत. मोबाइल घेऊन गच्चीवर, गच्चीवरून आंगणात, आंगणातून रस्त्यावर. व्हिडिओतली पुण्याची बाई गोड आवाजात सांगे, "आता आपण खालील चिन्हावर क्लिक करूया," अन् गुरुजी तिच्यावरच खेकसत, "कोनत्या खालील? चार चिन्हं हायेत खाली!"

मी म्हटलं, "सरळ नाई म्हणून सांगा ना. येत नाई म्हणा."

"येत नाई तर प्रमाणपत्रं कशी आली, असं नाई इचारणार? कय्यूमचं नाव निघीन. त्या पोराच्या नोकरीले डाग लागीन."

ते खरंच होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं. मी त्यायची बायको हाये, मले माईत होतं खरा काटा कुठं हाये ते. त्या शनिवारच्या प्रशिक्षणाले गोपाल येणार होता.

गोपाल माहा लहाना भाऊ. तोबी आता याच केंद्रातल्या एका शाळेवर मास्तर हाये. आमचं लग्न नवं होतं तवा तो दहावीले होता, अन् त्या वर्षी गुरुजीची ड्यूटी त्याच्याच परीक्षा केंद्रावर लागली. तुमाले तवाच्या परीक्षा माईत असतीन. खिडकीतून चिठ्ठ्या येत, पाणी द्यायच्या नावानं गाइड आत जाये. साऱ्या वर्गाजवळ कॉपी. अन् गुरुजीनं त्या साऱ्या वर्गातून धरलं कोनाले, तर आपल्या मेव्हण्याले. गणिताचा कागद होता. गोपाल हळूच म्हणे, "भाऊजी, मीच हावो." गुरुजी म्हणे, "म्हणूनच."

पोराचं साल गेलं. माह्या बापानं वर्षभर आमच्या घरचं पाणी पेलं नाई. गोपाल मंग जिद्दीनं शिकला, मास्तर झाला, पण त्या दिवसापासून गुरुजीले त्यानं भाऊजी म्हटलं नाई. 'सर' म्हणते. भाऊबिजेले तो आला की गुरुजीले नेमकं बाजारात काम निघे. गाडीची चाबी खुंटीवरून निघाली की मी समजून जाये. गोपाल जेवून गेल्यावरच गाडी परत येये. इतक्या वर्षात दोघायनं एका पंगतीत ताट मांडलं नाई.

अन् मी? मी दोघायच्या मधात. भावाचं वाईट वाटे अन् नवऱ्याचा रागबी येये, पण मनात एक होतं, हा माणूस कठोर हाये, पण खोटा नाई. त्याच आधारावर इतकी वर्षं गप राह्यली.

म्हणून त्या आठवड्यात एक दिवस माहा तोल सुटला. गुरुजी पाचव्यांदा ताटावरून उठले अन् मी पोळी तव्यावरच सोडून बाहेर आली. म्हटलं, "माह्या भावाचं साल घालवलं तुमी एका कागदासाठी! अन् तुमी? ती सारी प्रमाणपत्रं काय हायेत मंग? ती कॉपी नाई?"

गुरुजी जागच्या जागी थांबले. आठवड्यात पहिल्यांदा ते एका जागी उभे राह्यलेले दिसले. मले वाटलं रागावतीन, तर रागावले नाई. पोळी जळाली ती जळालीच.

रविवारी ते गाडी काढून जळगाव जामोदले गेले, कय्यूम सराकडं. संध्याकाळी परतले, तोंड पडलेलं. मी इचारलं, काय झालं. तर कय्यूम सरानं लय आगतस्वागत केलं, त्याच्या बायकोनं, गुलनारभाबीनं, जेवू घातलं, अन् म्हणे, "गुरुजी, टेन्शन काऊन घेता? मी सारं तयार करून देतो. तुमी फक्त बोटानं पुढं ढकलत जा. कोनाले पत्ता लागणार नाई."

"मंग?"

"मंग काय, उठून आलो. परत टाकीखालीच उभं राहायचं असतं तर इतक्या दूर काऊन गेलो असतो?"

मंग सोमवारपासून शाळा सुटल्यावर ते तिथंच थांबू लागले. लोकवर्गणीतून आलेला मोठा पडदा कय्यूम सर गेल्यापासून माह्याच जुन्या चादरीखाली झाकून होता. चादर काढायची अन् बसायचं. बोट लावलं की भलतंच उघडे, दुसरं लावलं की सारंच बंद. घरी येत तवा कानाची पाळी चोळून चोळून लाल झालेली राहे. काई जमलं का म्हटलं, तर म्हणत, "पडदा चालू कराले जमला." म्हणजे आनंदच!

शनिवारी केंद्रशाळेत जेवण आमच्या बचत गटाकडं होतं. वऱ्हांड्यात चूल, वांग्याची भाजी, पोळ्या, अन् हॉलची खिडकी बरोबर माह्या समोर. हॉल मास्तरायनं भरलेला. गोपाल शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून. गुरुजी समोर पडद्याजवळ. खिशात खडू. मी पोळ्या लाटून राह्यली होती, पण ध्यान सारं खिडकीत. एक पोळी गोल आली असन तर शपथ.

तुळशीराम साहेबायनं भलं मोठं भाषण केलं. या वयात जिद्द, तंत्रस्नेही, सर्वांचा आदर्श. एकेक शब्दाले गुरुजी कान चोळत. मंग टाळ्या झाल्या अन् गुरुजी उभे राह्यले.

"साहेबानं सांगतलेली प्रमाणपत्रं माह्या नावाची हायेत," गुरुजी म्हणे. "त्यातलं एकबी मी केलेलं नाई. मी फक्त ओटीपी सांगतला. कोन करून देलं ते मी सांगणार नाई. त्याचा दोष नाई, मीच त्याले करू देलं. मी पोरायची कॉपी धरत आलो, अन् ही माही कॉपी हाये."

साहेबायनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. कोनी कोनाकडं पाहीना. पाहणार कसं? त्या हॉलमधी आपला कोर्स आपणच केला असं सांगणारा निघाला असता, तर मी त्याले दोन पोळ्या जास्त वाढल्या असत्या.

प्रशिक्षणाच्या शेवटी ऑनलाइन चाचणी राहते. सारे एका झटक्यात पास होतात, कारण उत्तरं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतात. गुरुजी म्हणे, "ती चाचणी आज आधी मी देतो. इथं, सगळ्यायसमोर, या मोठ्या पडद्यावर. मले काय येत नाई ते तुमाले दिसलं पाह्यजे." तेवढ्यात कोनाचा तरी फोन टिंग वाजला. मंग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. उत्तरं आली होती.

"फोन पालथे ठेवा!" गुरुजीचा तो परीक्षेतला आवाज मी घरीबी कधी ऐकला नव्हता. साऱ्या मास्तरायनं लेकरावानी फोन पालथे घातले. साहेबायनंबी घातला.

गुरुजी प्रश्न वाचत, कान चोळत, बोट लावत. एकदा दोन उत्तरायले एकदम बोट लागलं. एकदा पानच मागं गेलं. मले तर वाटे, जाऊन हात धरून आणावं या माणसाले घरी. शेवटी पडद्यावर लाल अक्षरं आली, ही मोठमोठी. आपण उत्तीर्ण झाला नाहीत.

कोनी हसलं नाई, हेच जास्त लागलं. गुरुजी त्या लाल अक्षरायकडं पाहत उभे. इतक्या पोरायले पास-नापास केलेला माणूस, त्याले आता कुठं पाहावं ते समजेना. माह्या डोयाले पाणी आलं. चुलीचा धूर होता असं बाकीच्या बायायले सांगतलं, पण धूर नव्हता तो.

अन् तवा मागच्या रांगेतून आवाज आला. "त्याच्या खाली काय लिहिलं हाये, वाचा ना, सर."

गोपाल होता. गुरुजीनं वाचलं. निळ्या चौकटीत लिहिलं होतं, पुन्हा प्रयत्न करा.

"माह्या कागदावर असं काई लिहिलेलं नव्हतं," गोपाल म्हणे.

बाप्पा! माह्या हातातलं लाटणंच पडलं. आवाज चढवला नव्हता त्यानं. पण वीस-पंचवीस वर्षाचं सारं त्या एका वाक्यात बाहेर आलं. गुरुजीनं त्याच्याकडं पाह्यलं. म्हणे, "नव्हतं. मी तवा कागद धरला, पण तुले गणित काऊन येत नाई ते इचारलं नाई. मी मास्तर होतो, मी इचाराले पाह्यजे होतं." अन् हॉलकडं पाठ करून त्यायनं त्या निळ्या चौकटीले बोट लावलं.

परत पहिला प्रश्न. दुसरा. तिसऱ्याले गाडी अडली. बोट वर जाये, खाली येये. अन् मागून हळूच, अगदी हळूच, आवाज आला. "तिसरा पर्याय... तिसरा."

गुरुजी गर्रकन वळले. "कोन सांगून राह्यलं ते? उभं राहा!"

गोपाल उभा राह्यला. तोंड लाल, पण ओठ हसू दाबून राह्यलेले. "मीच हावो, भाऊजी."

भाऊजी म्हटलं त्यानं. मी ऐकलं, सगळ्यायनं ऐकलं. गुरुजीनं खिशातला खडू काढला, उगीच हातात फिरवला, परत ठेवला.

"उत्तर नको सांगू बे," गुरुजी म्हणे. "इथं ये. कसं करा लागते ते शिकव मले."

गोपाल बाकायच्या मधातून पुढं गेला. त्या दिवशी जेवणाले लय उशीर झाला, भाजी थंडी झाली, अन् साहेब काय कारवाई करतात याची धाकधूक तर मनात होतीच, ती अजूनबी हाये. पण पंगत बसली तवा दोन ताटं शेजारी होती, अन् ती मीच वाढली.

यंदाच्या भाऊबिजेले गाडीची चाबी खुंटीवरच राह्यली. मी ओवाळणीचं ताट घेऊन उभी, दिवा इझाले आलेला, अन् हे दोघं पाटावर एका फोनात डोकं घालून! गुरुजी कान चोळत, गोपाल म्हणे, "पुन्हा चुकलं, भाऊजी." शेवटी मीच ओरडली. "अबे गोपाल, आधी ओवाळून घे, मंग दिवसभर नापास करत बस तुह्या भाऊजीले!"