'आपण' म्हणजे कोण कोण

प्रेरणा-शिबिराच्या शेवटी आमचे संपादक उठून म्हणाले, "विशेष पुरवणीसाठी शनिवारी आपण थांबू. आपण एक कुटुंब आहोत."

मुद्रितशोधक देशमुखबाईंनी वही मिटली. "साहेब, शनिवारी माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. आपण म्हणजे कोण कोण?"

"आपण सगळेच."

"म्हणजे तुम्हीही?"

"मला नाशिकला जायचंय हो. पण मनाने तुमच्याबरोबरच."

"मग मीही मनानेच येते की!"

कोणी हसलं नाही. प्रशिक्षकाने फळ्यावर माणसाच्या गरजांचा त्रिकोण काढला होता. आम्ही अकरा जण तो लक्षपूर्वक पाहत राहिलो. 'बाई, तुमची पानं मी वाचतो', एवढं एकालाही म्हणवलं नाही.

मराठीतलं 'आपण' ऐकणाऱ्यालाही पोटात घेतं. आमच्या कचेरीत ते काम वाटतानाच निघतं. कौतुक झालं की साहेब 'मी' म्हणतात, चूक छापली गेली की 'तुम्ही'. आपला नंबर लागला नाही, या सुटकेवर असे गट टिकतात.

शनिवारी बाई आल्या. तिकडे साखरपुडा झाला तेव्हा त्या सातवं पान वाचत होत्या. सोमवारी त्यांनी आम्हाला फोटो दाखवले नाहीत. आम्हीही मागितले नाहीत.